हार्डली तपासलेलं दार

आमच्या भावजींना इंग्रजी येत नव्हतं, असं कोणी म्हटलेलं मला आजही खपत नाही. येत होतं. फक्त ते त्यांच्या वर्कशॉपचं इंग्रजी होतं, आणि त्या इंग्रजीत ‘हार्डली’ म्हणजे कसून. नट हार्डली आवळायचा, दोर हार्डली पुसायचा, ब्रेक हार्डली बघायचा. त्यांच्या वस्तादाने त्यांना असंच शिकवलं होतं. वस्तादाला कोणी शिकवलं ते देव जाणे. म्हातारा कानाने अधू होता, त्यामुळे तिथला सगळा कारभार ओरडून चालायचा, आणि दिवसभरात सगळ्यात जास्त ओरडला जाणारा शब्द हाच. भावजींच्या तोंडात तो इतका बसला की त्यांचं टोपणनावच ‘हार्डली’ पडलं. पगाराच्या दिवशीसुद्धा “ए हार्डली, सही कर” अशी हाक यायची.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. लिफ्टचे मेकॅनिक. गावातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट एका कंपनीने देखभालीला घेतल्या होत्या, त्यातल्या काही भावजींकडे होत्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावजींना नुकतं मिसरूड फुटत होतं. सासूबाई आधीच गेलेल्या. त्यामुळे भावजींचं खाणंपिणं, आजारपण, रुसवेफुगवे सगळं माझ्याच गळ्यात पडलं. मी तोंडाची फटकळ, ते स्वभावाने गरीब, आमचं छान जमलं. लग्न मात्र त्यांचं जमलं नाही. मुलीच्या घरी जायचं ठरलं की नेमकी कुठेतरी लिफ्ट अडकायची. एकदा मी वैतागून म्हटलं, “भावजी, आज कोणी अडकलं तर अडकू दे.” तर म्हणतात कसे, “वहिनी, आत अडकलेल्याला काय माहीत, बाहेर माझं लग्न ठरतंय म्हणून?” आणि गेले पाने-पक्कड घेऊन.

घरातही तेच. झोपण्याआधी गॅसचं बटण बघायचे, नळ बघायचे, आणि मग बाहेरच्या दाराला कडी घालून ते दोन्ही हातांनी ओढायचे. असं तसं नाही, पाठीमागे रेलून. मी म्हणायचे, “दार आहे ते भावजी, बैल नाही. इतकं ओढू नका.” ते म्हणायचे, “हार्डली बघितलं की झोप लागते.” हळूहळू तो शब्द आमच्या घरातही शिरला. मी कोणालाही म्हणायचे, पातेलं हार्डली घास. आमचे हे शिंपी, फार बोलणाऱ्यातले नाहीत, पण तेही गिऱ्हाइकाला सांगायचे की शिवण हार्डली मारलीय, उसवणार नाही. गिऱ्हाईक मान डोलवायचं. त्याला काय कळायचं कोण जाणे, पण शिवण उसवायची नाही एवढं खरं.

त्यांचं काम मी एकदा बघितलं. डबा विसरले होते म्हणून द्यायला गेले होते. लिफ्ट ज्या मजल्यावर नाही, तिथलं बाहेरचं दार उघडताच कामा नये. त्यासाठी प्रत्येक दाराला लॉक असतं. भावजी लिफ्ट मुद्दाम वर पाठवून द्यायचे आणि मग एकेका मजल्यावर उभं राहून, एक पाय चौकटीला लावून, दोन्ही हातांनी दार ओढायचे. मानेच्या शिरा फुगायच्या. जिन्यावरून उतरणारे एक काका म्हणाले, “अहो, मोडाल.” भावजी म्हणाले, “माझ्या हाताने मोडलं तर बरं काका, दुसऱ्या कोणाच्या हाताने नको.” मला तेव्हा हसू आलं होतं.

त्या इमारतीची लॉक झिजली होती. भावजींनी सुपरवायझरला सांगितलं, अजून धरतायत, पण बदलायला हवीत. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. त्याच्या पुढच्या महिन्यातही हेच बोलणं झालं. सगळं तोंडी. वर्कशॉपमध्ये अशा गोष्टी तोंडीच चालायच्या.

एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात हिशेब बघणारी एक बाई घरी निघाली. मागच्या मैत्रिणीशी बोलता बोलता तिने लिफ्टचं दार ओढलं. ते उघडलं. लिफ्ट वर होती. बाईने मान मैत्रिणीकडे ठेवूनच पाय पुढे टाकला.

भावजी त्या दिवशी घरी आले आणि बूट न काढता खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं, ते तसंच धरून ठेवलं. म्हणाले, “लॉकची स्प्रिंग तुटली, वहिनी. सोमवारी मी तेच दार ओढलं होतं. तसूभर हललं नव्हतं.” मी म्हटलं, “मग तुमचा काय दोष?” ते म्हणाले, “दोषाचं नाही हो. ती बाई गेली.”

मग सरकारी चौकशी लागली. भावजी आरशासमोर उभं राहून इंग्रजी घोकायला लागले. मी म्हटलं, “कशाला ही भानगड? आपल्या भाषेत बोला की सरळ.” त्यांनी मला समजावलं. म्हणाले, “तो चौकशीचा साहेब इंग्रजीतच लिहून घेणार. मी आपल्या भाषेत बोललो की मधला माणूस ते तिकडे सांगणार, आणि मधला माणूस काय सांगेल याचा भरवसा नाही. आपला शब्द आपल्याच तोंडून गेलेला बरा.” मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

चौकशीला मी गेले होते, मागच्या बाकावर बसले होते. पुढच्या बाकावर त्या बाईचा नवरा होता, एकटाच. आधी कंपनीचा वकील उठला. त्याचं इंग्रजी मला कळलं नाही, पण त्याने हवेत दार हिसकून उघडल्याचं दाखवलं ते कळलं. शेजारच्या माणसाने मला सांगितलं, “बाईला घाई होती, तिने जोर लावून दार उघडलं असणार, असं म्हणतोय.” पुढे बसलेल्या त्या नवऱ्याची मान तेवढी ताठ झाली. मला त्या वकिलाचा असा संताप आला की चप्पल हातात घ्यावी. मेलेल्या बाईवर खापर फोडायला निघाला होता मेला.

मग भावजींची पाळी. इस्त्रीचा शर्ट, मीच केलेली इस्त्री. साहेबांनी विचारलं, दारं तपासत होतास का? भावजी सरळ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “येस सर. आय हार्डली चेक. एव्हरी डोअर, हार्डली चेक.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. त्यांनी पुन्हा विचारलं, “यू हार्डली चेक?” भावजी म्हणाले, “येस सर. ऑलवेज हार्डली.” साहेबांनी लिहिणाऱ्या मुलीकडे बघितलं, तिने त्यांच्याकडे. तिसऱ्यांदाही विचारलं, आणि भावजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “माय होल लाइफ, सर. हार्डली.” कंपनीच्या वकिलाने फाइल बंद केली आणि टेकून बसला. आणि तो नवरा, जो इतका वेळ मागे वळला नव्हता, तो वळला आणि भावजींकडे बघत राहिला. बराच वेळ. मला वाटलं, चला, याला तरी पटलं.

घरी येताना भावजी हलके झाले होते. “स्पष्ट सांगितलं वहिनी,” म्हणाले. मी त्या दिवशी त्यांच्या आवडीचं गोड केलं.

निकाल आला, सगळा ठपका भावजींवर ठेवणारा. तो त्यांना आपल्या भाषेत समजावला तिथल्या शिपायाने, दारात उभं राहून, कीव येऊन. “अरे बाबा, तूच कबूल केलंस ना. मी जेमतेम तपासतो म्हणालास. प्रत्येक दार जेमतेम. जन्मभर जेमतेम. साहेबांनी तीनदा विचारलं तुला.” भावजींना आधी कळेचना. मग कळलं. ते तिथेच पायरीवर बसले आणि तोच शब्द पुटपुटत राहिले.

मी हात टेकणारी बाई नाही. आमच्या दुकानात एक इंग्रजीच्या बाई कपडे सैल करायला यायच्या. मी त्यांना धरलं. म्हटलं, एका शब्दाचे असे उलटे अर्थ होतातच कसे? ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं ना? मग ‘हार्ड’चं ‘हार्डली’ का नको? बाईंनी घरून जाडजूड शब्दकोश आणला आणि कात्रीच्या टेबलावर उघडला. म्हणाल्या, “गंमत बघा, तुमचे दीर काही शतकं आधी बोलले असते तर बरोबर ठरले असते. पूर्वी याचा अर्थ जोर लावून, नेटाने असाच होता. मग कष्टाने असा झाला. कष्टाने म्हणता म्हणता कसंबसं झालं, कसंबसंचं जेमतेम, आणि आता जवळजवळ नाहीच.” मी म्हटलं, असं कुठे असतं का? त्या म्हणाल्या, “आपणही करतोच की. ‘मुश्किलीने घर बांधलं’ म्हणजे खपून बांधलं. आणि ‘मुश्किलीने दहा माणसं असतील’ म्हणजे दहासुद्धा नाहीत.”

गंमत म्हणे. माणसाच्या जिवावर बेतलेलं, आणि शब्दाने आपली मजेत कूस बदललेली. पण राग येऊन उपयोग नव्हता, कारण बाई खरं बोलत होत्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मुश्किलीने हा शब्द माझ्याही तोंडून निघेना.

प्रकरण कोर्टात गेलं. आमच्या वकिलाने शब्दकोशातलं सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की शब्दाचा आज जो अर्थ आहे तोच धरावा लागतो. भावजी या वेळी आपल्या भाषेत बोलले, मी कसून तपासायचो, पाय लावून ओढायचो. तर कंपनीचा वकील म्हणाला, ही नंतर सुचलेली पळवाट आहे. झिजलेल्या लॉकचं विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, मला कोणी काही बोललं नव्हतं. राहता राहिला वर्कशॉपचा आधार. तिथे सगळेच तसं बोलतात, एवढं जरी ठरलं असतं तरी पुरलं असतं. वस्ताद तोवर वारले होते. म्हणून बरोबरच्या माणसांना बोलावलं. आमच्या घरी येऊन जेवून गेलेली माणसं ती. एकामागून एक आली आणि सांगून गेली, हार्डली म्हणजे जेमतेम, आमच्यात दुसऱ्या अर्थाने कोणी म्हणत नाही. नोकरी सगळ्यांनाच हवी होती.

आमच्या वकिलाने शेवटच्याला विचारलं, “मग याला तुम्ही हार्डली हाक का मारायचात?”

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. म्हणाला, “कामात जेमतेम होता म्हणून.”

भावजींनी डोळे मिटून घेतले. त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, पण माझ्या मते त्यांना शिक्षा त्या वाक्याने झाली, बाकीची नुसती आवराआवर होती. त्या वर्कशॉपमध्ये आता तो शब्द कोणी उच्चारत नाही असं ऐकते. सगळ्यांनी कानाला खडा लावलाय.

तुरुंगात पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा भावजींनी एकच मागितलं. “लिफ्टच्या कामाचं लायसन्स गेलं, जाऊ दे. दोन वर्षं जातील. पण त्या बाईच्या नवऱ्याला तेवढं सांगा, वहिनी. मी ते दार ओढलं होतं. त्याला वाटत असेल, मी शिटी वाजवत निघून गेलो. एवढं त्याला कळलं की मला बास.” मी म्हटलं, सांगते. तेव्हापासून ते एकच माझ्या डोक्यात. दुसरं काही नाही.

रविवारी सकाळी त्याच्या घरी गेले. घर चौथ्या मजल्यावर, आणि तो माणूस जिन्यानेच चढतो असं खालच्या बाईने सांगितलं. मीही जिन्यानेच गेले. दार उघडून त्याने मला ओळखलं, काही न बोलता आत घेतलं. मुलगी मावशीकडे गेली होती. तो तिचा शाळेचा झगा इस्त्री करत होता, आणि अशी करत होता की प्रत्येक चुणी मोडून दुसरीच पडत होती. मला ते बघवेना. त्याच्या हातातून इस्त्री घेतली आणि कामाला लागले. हात चालू असले की मला बोलता येतं.

सगळं सांगितलं. वस्ताद, वर्कशॉप, शब्दकोश, पाय लावून ओढलेलं दार. तो भिंतीला टेकून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, “मला माहीत आहे, ताई.”

मी म्हटलं, “काय माहीत आहे?”

“ते काय म्हणत होते ते. मी छापखान्यात मशीनवर आहे. आमच्यातही म्हणतात, रोलर हार्डली आवळ. त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हाच मला कळलं. साहेब काय समजतायत तेही कळलं, कारण तो शब्द मी रोज छापतोही. म्हणून तर मागे वळून बघितलं.”

माझा हात थांबला. म्हटलं, “आणि तुम्ही बोलला नाहीत? एक वाक्य बोलला असता तर माझा दीर आज घरी असता.”

“हो,” तो म्हणाला. “घरी असता.” मग म्हणाला, “दार नीट तपासलं होतं असं ठरलं असतं, तर मग ते उघडलं कसं? तो वकील काय म्हणाला, ऐकलंत ना तुम्ही. तिने हिसकलं. माझी मुलगी मोठी होईल, आणि कोणीतरी तिला सांगेल, तुझी आई स्वतःच्या घाईने मेली. दोघांतल्या एकाचं नाव लागणार होतं. मी माझ्या माणसाचं वाचवलं.”

“आणि ती झिजलेली लॉक? ती ज्यांनी बदलली नाहीत ते?”

“त्यांचं नाव लागलं असतं, असं वाटतं तुम्हाला?”

बोलण्यासारखं तोंडात खूप होतं. तळतळाट द्यायला आले असते तर देऊन मोकळी झाले असते. पण हातात त्या पोरीचा झगा होता, कमरेला तिच्या आईने दाबून ठेवलेली शिलाई होती, पोर वाढली की उसवायला. मी तो पुरा इस्त्री केला, घडी घातली आणि निघाले. त्याने दारापर्यंत येऊन विचारलं, “त्यांना काय सांगाल?” मी जिना उतरायला लागले. मी त्याला माफ केलेलं नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हेही मला माहीत आहे, आणि त्याचाच जास्त राग येतो.

भेटीच्या दिवसापर्यंत मला झोप नव्हती. खरं सांगावं तर हा भोळा माणूस उरलेला काळ कसा काढील? ज्याच्यासाठी तो झुरतोय, त्याला पहिल्या मिनिटापासून सगळं ठाऊक होतं आणि तो मूग गिळून बसला, हे कळल्यावर याच्याकडे राहील काय? आणि खोटं बोलायचं तर आजवर मी भावजींशी कधी खोटं बोलले नव्हते.

जाळीपलीकडे भावजी आले. गाल बसलेले, मनगटं वाळलेली. बसायच्या आधीच विचारलं, “भेटले का? सांगितलंत?”

“सांगितलं.”

“कळलं त्यांना?”

“कळलं, भावजी.”

“नक्की? तुमची शपथ?”

मी जाळीला तोंड लावलं. त्या जाळीशी तो शब्द वर्कशॉपच्या अर्थाने ओळखणारी आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “त्यांना हार्डली कळलंय.”

भावजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसले. कितीतरी दिवसांनी हसले. डोळे पुसले, मनगटाने, लहान पोरासारखे. “मग बास,” म्हणाले. “आता झोप लागेल.”

वेळ संपली. शिपायाने त्यांना आत घेतलं आणि गजाचं दार लावून कुलूप घातलं. भावजी दोन पावलं गेले, थांबले, परत आले. एक पाय चौकटीला लावला, दोन्ही हातांनी दार आतून ओढून बघितलं. ते हललं नाही, तेव्हा वळून आत गेले.